मांडवीवर ओटीपी

श्रावणातला गुरुवार होता. सकाळपासून पावसाची ये-जा चालली होती, तीनच्या पुढे जरा उघडलं म्हणून मी रत्नागिरीत मांडवीच्या जेटीवर जाऊन बसले. ऑफिसमध्ये सांगून निघाले होते की बँकेत जाऊन येते. बँकेत खरंच गेले, दहा मिनिटांचं काम झालं, आणि मग स्कूटर मारुती मंदिराकडे वर घ्यायच्या ऐवजी खाली उताराला लावली. फोन सायलेंटवर, पर्सच्या तळाशी. चतुर्थी होती, म्हणजे तीनची भरती, पाणी नुकतंच भरून जरासं थबकलेलं, पावसाळ्यातलं ते चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, त्यावर नारळाच्या झावळ्या, एक चप्पल, कुणाच्या तरी गणपतीच्या आधीच्या साफसफाईतून निघालेलं थर्माकोल. दगडांवर लाट आपटली की अंगावर तुषार यायचे आणि ओठांना खारट लागायचं. बसून पाच-सात मिनिटं झाली असतील नसतील तोच मागून हाक, "ताई! ओ ताई!" वळून बघते तर आमच्या भागात येणारा कुरियरवाला मुलगा, रेनकोटची टोपी मागे टाकलेली, खांद्याला ती भली मोठी बॅग, हातात खोका.

"चार फोन केले ताई. घराला कुलूप. ऑफिसात गेलो तर म्हणाले बँकेत गेल्यात. इकडे एक डिलिव्हरी होती, तर वर तुमची स्कूटर दिसली. म्हटलं इथंच देऊन टाकू, पुन्हा परत कुठे न्यायचं. ओटीपी सांगा."

मी पर्स उपसली, फोन काढला, चार मिस्ड कॉल आणि त्याखाली चार आकडे. ते मी त्याला वाऱ्यावर ओरडून सांगितले कारण लाटेच्या आवाजात एरवी ऐकू गेले नसते. त्याने ते टाईप केले, खोका माझ्या हातात दिला, क्षणभर पाण्याकडे बघितलं, "फुल आहे नाय भरती?" म्हणाला आणि गेला. खोक्यात मिक्सरचं चटणीचं भांडं होतं. ते मांडीवर घेऊन मी समुद्रासमोर बसले.

तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाहीये. मी चार जणांना सांगितली, चौघंही हसली, "किती गोड!" म्हणाली, पुण्याची मैत्रीण तर म्हणाली की आमच्याकडे सोसायटीच्या गेटवर तीन-तीनदा फोन करून सुद्धा बिल्डिंग सापडत नाही आणि तुला काय बाई, समुद्रावर आणून देतात. मला पण ते गोडच वाटलं होतं. पण त्या क्षणी, हाक आली तेव्हा, पोटात काहीतरी लहानसं आकसलं होतं, शाळेत बाईंनी मागच्या बाकावर पकडल्यावर आकसतं तसं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकाच वेळी होतं, आणि मला वाटतं या शहरात राहण्याबद्दल मला जे काही म्हणायचंय ते सगळं त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

रत्नागिरी हे मधल्या मापाचं शहर आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 76 हजारांच्या वर होती. जिल्ह्याचं ठिकाण असल्याने कोर्ट, कलेक्टर, कॉलेजं, एमआयडीसी सगळं आहे, पण मारुती मंदिरापासून निघालेला माणूस जयस्तंभ, गोखले नाका, रामआळी करत करत खाली मांडवीला पोचेपर्यंत त्याला किमान चार ओळखीचे भेटतातच. याहून लहान गावात राहिलं तर माणूस कधीच एकटा नसतो. याहून मोठ्या शहरात तो कधीच कुणाला सापडत नाही. मी दुसऱ्या प्रकारात 14 वर्षं काढली आहेत, डोंबिवलीला, 1999 ते 2013, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एकदा दादरला प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून मी तासभर रडले होते, कारण आता तितकंसं महत्त्वाचं नाही, पण तासभर रडले. शेकडो बायका समोरून गेल्या. एकीनेही विचारलं नाही. मी डोळे पुसले, गाडी पकडली, घरी जाऊन आमटीला फोडणी दिली. ती मोकळीक कशी होती हे इथे कुणाला समजावून सांगता येत नाही. इथे मी गोखले नाक्यावर डोळ्यात कचरा गेला म्हणून रुमाल लावला तरी संध्याकाळपर्यंत आत्याचा फोन येतो, काय झालं गो?

म्हणून मांडवी.

आता मांडवीवर, भाट्याच्या पुलाकडे, पांढऱ्या समुद्रावर, कुठेही संध्याकाळी नजर टाका. समोरचा सूर्यास्त जरा वेळ सोडा आणि बसलेल्या माणसांच्या पाठी बघा. सगळ्यांच्या पाठी शहराकडे. निवृत्त मास्तर, बँकेतले दोघं, कॉलेजची मुलं, बुरख्यातल्या दोन मैत्रिणी एका भेळेच्या कागदावर, मिऱ्या रोडला दुकान असलेला तो बाप्या जो दुकानात एक शब्द बोलत नाही आणि इथे येऊनही बोलत नाही. आम्ही सगळे एकमेकांना पाठीवरून ओळखतो. चालण्यावरून, टक्कल किती वर सरकलंय त्यावरून, पार्क केलेल्या गाडीच्या नंबरावरून. आणि तरी मागून हाक मारत नाही. कुणी हा नियम केलेला नाही, कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे. बाजारात भेटलं तर दहा मिनिटं उभं करून सुनेच्या डिलिव्हरीपासून मुलाच्या नोकरीपर्यंत सगळं विचारतील, पण समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला उठून परत फिरेपर्यंत हात लावायचा नाही. परत फिरताना नजरानजर झाली की मग "काय, झाली काय हवा खाऊन?" बस. मागे सगळं शहर, समोर काहीच नाही, आणि मधली ती दीड फुटाची भिंत हाच काय तो आपला खाजगीपणा. गच्चीवर मिळत नाही, बेडरूममध्ये मिळत नाही, तिथे मिळतो.

तो पोरगा तेवढंच मोडून गेला. त्याला दोष नाही, त्याच्या बॅगेत अजून वीसेक खोके होते.

मला समुद्राचं वेळापत्रक शिकवलं बाबांनी. बाबा जिल्हा परिषदेत क्लार्क होते, पेन्शनच्या टेबलावर, मासेमारीशी आमच्या घराण्याचा संबंध फक्त ताटापुरता. पण त्यांना भरती-ओहोटीचं वेड होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. थोडंफार इकडेतिकडे. मला पाऊणकी कधी पाठ करावी लागलीच नाही, ती अशीच बसली. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. ऑफिस सुटलं की बाबा नगर वाचनालयात पेपर चाळायचे आणि तिथून मांडवीला. मला बरोबर घ्यायचे पण बोलायचे नाहीत. ओहोटीला काळी वाळू उघडी पडायची, मी त्यात पाय रुतवत बसायची, पायाची बोटं दिसेनाशी झाली की बाहेर काढायची. पोरं क्रिकेट खेळत असायची आणि भरती सुरू झाली की पिच रोज थोडं थोडं मागे सरकायचं, शेवटी स्टंप उचलून सगळे घरी. त्या पोरांचं घड्याळ तेच होतं.

लोक समजतात समुद्राकाठी राहतात म्हणजे हे रोज सकाळ-संध्याकाळ समुद्र बघत असतील. तसं नसतं हो. आठवडेच्या आठवडे मी जात नाही. पण तो घरात येत असतो. मीठ बरणीत पाझरतं. पावसाळ्यात काडेपेटी ओढायला घेतली की गूल निघून हातात येतो, पापड तळायच्या आधीच मऊ, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी मखमल. कुलपात खोबरेल घातलं नाही तर ऑक्टोबरात दगड घालून फोडावं लागतं. स्कूटरचा सायलेन्सर खाऱ्या वाऱ्याने खाल्लाय, दोनदा वेल्डिंग करून झालं, त्यामुळे ती आता फुटक्या ढोलासारखी वाजते. फ्रीज खालून गंजतो, खिडकीचे गज गंजतात, माणसं पण थोडी गंजत असावीत, आमच्याकडे चाळिशीनंतर सगळेच सावकाश बोलतात. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे, कोरडा, तेवढे चार दिवस बोटांना घरातल्या वस्तू चिकट लागत नाहीत. आणि दुपारी बारानंतर वारा फिरला की पडद्याचं टोक हलायच्या आधी नाकाला कळतं.

माझ्या कामात सुद्धा तो आहेच. मी लोकांचे हिशेब लिहिते, जीएसटी, रिटर्न, असलं सगळं. माझ्याकडे बोटवाले आहेत आणि बागायतदार आहेत, आणि दोघांचंही वर्ष मार्च ते मार्च धावत नाही, सरकारने कितीही सांगितलं तरी. आंब्यावाल्याचं वर्ष मोहोरापासून सुरू होतं. थंडी नीट पडली का, तुडतुडा आला का, मोहोर गळला का, फवारण्या किती झाल्या, एप्रिलला पहिल्या पेट्या वाशीला कितीला गेल्या आणि मे अखेरीस उरलेलं कॅनिंगला काय भावाने गेलं, यावर त्याचा चेहरा ठरतो. बोटवाल्याचं 1 जूनला थांबतं आणि 31 जुलैपर्यंत मासेमारीला बंदी. ते दोन महिने मिरकरवाड्यात बोटी ताडपत्र्या पांघरून अंगाला अंग लावून उभ्या, जाळ्यांची दुरुस्ती, नेपाळी खलाशी गावाला गेलेले. मग ऑगस्ट उजाडला की डिझेल, बर्फ, खलाशांची उचल, बोट चालवणाऱ्या तांडेलाचा वाटा, सगळे कागद माझ्या टेबलावर, आणि त्या कागदांना वास येतो. खरंच येतो. मी फायली वेगळ्या कपाटात ठेवते. डोंबिवलीत मी ज्या फर्मच्या हिशेबांवर बसायची तिथे नेमकं काय विकलं जातं हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. इथे आकडा बघितला की मला दिसतं, हा मागच्या वादळातला, त्या आठवड्यात बोटी बाहेरच पडल्या नव्हत्या.

आता या सगळ्याची दुसरी बाजू सांगते.

2019 चा जुलै. बाबांचा उजवा हात रात्री साडेदहाला उचलेना, तोंड वाकडं झालं. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि जे आमच्याकडे अशा वेळी सांगतात तेच सांगितलं, कोल्हापूरला न्या. रत्नागिरीत वाढलेल्या प्रत्येकाच्या घरात ते वाक्य कधी ना कधी येऊन गेलेलं असतं. मधे 130 किलोमीटर आणि आंबा घाट. हातखंब्यापर्यंत पाऊस, पालीच्या पुढे जास्त पाऊस, आणि घाट सुरू झाला तसं धुकं, असं की हेडलाईटचा उजेड बॉनेटपुढे दहा फुटांवर भिंतीला लागल्यासारखा परत यायचा. अॅम्ब्युलन्स चालवणारा माणूस मला माहीत नव्हता, पण त्याला बाबा माहीत होते. त्याच्या वडिलांची पेन्शनची फाईल कितीतरी महिने अडकली होती ती म्हणे बाबांनी हलवली होती. तो अख्खा रस्ता बाबांशी बोलत गाडी चालवत होता. "काका, पाली गेली हां." "काका, साखरपा आलं, आता घाट." "काका, हे शेवटचं वळण, आता आंबा, मग सपाटी." बाबांना ऐकू जात होतं की नाही देव जाणे. मी त्यांचा डावा हात धरून बसले होते आणि मला एकाच वेळी वाटत होतं की हे असं शहर का आहे जिथे नसा तपासायला डोंगर ओलांडून जावं लागतं, आणि हे असं शहर आहे जिथे अंधारात डोंगर ओलांडताना कुणीतरी गावांची नावं घेत जातं. अकरा दिवसांनी ते गेले. वेळेत पोचलो असतो तर, हा प्रश्न मी अजूनही कधी कधी रात्री काढून बघते. 2023 ला इथे सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, मी पण घेतला, गिळायला जरा वेळ लागला.

त्यानंतरची एक गोष्ट. बाबांना जाऊन दिवस झाले होते, किती ते माझ्या लक्षात नव्हतं, घर माणसांनी भरलेलं, मला कुणी तरी भाजी आणायला पाठवलं. पाय सवयीने मासळी मार्केटच्या बाजूला वळले. आमची ठरलेली भाभी असते तिथे, मिरकरवाड्यातून येते, बाबा तिच्याकडूनच सौंदाळे घ्यायचे, तळहाताएवढे, खवलं काढून, आणि घरी येऊन आईला सांगायचे की आज भाभीने स्वस्त दिले, दरवेळी हेच. मी जाऊन उभी राहिले आणि बांगड्याला हात लावला. भाभीने माझा हात धरून मासळीवरून बाजूला केला. मग स्वतःची बोटं मोजली, एक एक करून, ओल्या हाताची, खवलं चिकटलेली. "अजून दोन दिवस हायत गो," ती म्हणाली. "तेराव्यानंतर ये. मी ठेवीन सौंदाळे." मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या बापाचे दिवस ती मोजत होती. मला मोजता आले नव्हते. तिथून मी भाजी न घेताच मांडवीला गेले आणि तिथे मला हवं तेवढं रडता आलं, पाठ शहराकडे करून, आणि कुणी हाक मारली नाही. दादरच्या बाकावर पण कुणी हाक मारली नव्हती, पण ती वेगळी. तिथे मी कुणाला माहीतच नव्हते. इथे माझ्या मागून जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत होतं की ही कोण आणि का बसलीय, आणि ते बघून पुढे जात होते.

या शहराचा एक जुना इतिहास आहे तो मला हल्ली फार आठवतो, म्हणजे शाळेत तो नुसता सहलीपुरता होता. इंग्रजांना माणसं आणून ठेवायला ही जागा सोयीची वाटायची. रेल्वे नाही, मागे सह्याद्री, पावसाळ्यात समुद्र बंद. ब्रह्मदेशचा थिबा राजा 1885 ला पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी इथे आणला गेला, तो 30 वर्षं इथेच, 1916 ला इथेच वारला. त्याच्यासाठी मोठा राजवाडा बांधून झाला 1910 ला, म्हणजे त्यात त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. सावरकरांना 1924 ते 1937 जिल्हा सोडायची बंदी होती. थिबा पॉइंटवर उभं राहिलं की खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, सुरूचं बन, सगळं पायाशी. पर्यटक तिथे वा वा करतात. मला वाटतं, 30 वर्षं हेच बघायचं, आणि ज्या पाण्यावरून आपण आलो तेच पाणी बघायचं, आणि जायचं नाही. पण थिबाच्या मोठ्या राजकन्येचं पुढे काय झालं ते मला त्याहून जास्त पोचतं. राजा गेल्यानंतर कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं, तीही गेली. आणि ती परत आली. इथल्याच एका माणसावर तिचा जीव होता, त्याच्यापासून झालेली मुलगी टूटू रत्नागिरीचीच होऊन राहिली, आमच्यासारखीच मराठी बोलायची. तिला कुणी धरून आणलं नव्हतं. आली. माझ्या आजीच्या वेळची माणसं टूटूबद्दल बोलायची ती राजाची नात म्हणून कमी आणि आपल्यातलीच एक बाई म्हणून जास्त.

मी पण परतच आले, पण माझं कारण तितकं काव्यमय नव्हतं. नवऱ्याची बदली झाली, आईला एकटीला बाबांचं डायबेटिस झेपेना, डोंबिवलीचं भाडं वाढलं. तीन कारणं मिळून एक ट्रक भरला. लेक सहा वर्षांची होती. तिला मी मांडवीला घेऊन यायची, बोलायची नाही, ती काळ्या वाळूत पाय रुतवायची. तिला पाऊणकी मोबाईलमुळे शिकावी लागली नाही.

जून 2020 च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. आतल्या खलाशांना सुखरूप काढलं, जहाज राहिलं. लॉकडाऊनमध्ये घरात कोंडलेली सगळी रत्नागिरी मास्क लावून हळूहळू ते बघून आली. आम्ही दोघी पण गेलो होतो. एवढं मोठं लोखंड वाळूत कलून बसलेलं, लाटा त्याच्या पोटावर आदळून वेगळाच आवाज करत होत्या, रिकाम्या टाकीवर बुक्की मारल्यासारखा. लेक तेरा वर्षांची होती. बराच वेळ बघून म्हणाली, "आई, हे आता इथेच राहणार?" मी म्हटलं, नेतील गं कधीतरी. ते वर्षानुवर्षं राहिलं, गंजत, तुटत. मग ते आमच्यातलंच झालं, पत्ता सांगायला उपयोगी पडायला लागलं, जहाजाच्या पुढे डावीकडे.

अकरावीत असताना लेक एका मुलाच्या बाईकवर बसून भाट्याला गेली होती. ती घरी पोचायच्या आधी मला तीन फोन आले. तिघांनाही काळजीच होती, कुणाच्याही आवाजात वाकडं नव्हतं, पण तीन फोन. मी तिला काही बोलले नाही तरी तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. त्या रात्री ती जे बोलली ते मी विसरले नाहीये. "मला अशा ठिकाणी राहायचंय जिथे मी कुणालाच माहीत नाही. दोन वर्षं तरी. तू राहिलीस ना?" यावर मी काय बोलणार होते? राहिले होते. चांगली 14 वर्षं, दादरच्या बाकासकट.

तर त्या श्रावणातल्या गुरुवारी सकाळी पुण्याच्या कॉलेजात तिची अॅडमिशन पक्की झाल्याचा मेसेज आला होता. फी भरायला मी बँकेत गेले होते. ती पावती पर्समध्ये होती, फोनच्या वर, म्हणून ओटीपी शोधताना आधी तीच हातात आली. मला आनंद झाला होता. तो साजरा करायच्या आधी मला फक्त अर्धा तास कुणालाही सापडायचं नव्हतं. इतकंच होतं ते.

तिला सोडायला आम्ही गणपतीनंतर गेलो. हॉस्टेलच्या खोलीत कोरडी हवा होती, तिने टॉवेल वाळत टाकला तर तासात वाळला, तिला त्याचंच अप्रूप. आता आठवड्यातून दोनदा फोन करते. मागच्या महिन्यात म्हणाली, "आई, माझ्या खोलीत मीठ एकदम मोकळं राहतं." मग थोडा वेळ गप्प. मी पण काही बोलले नाही. तिच्या मागे ट्रॅफिकचा आवाज येत होता आणि माझ्या मागे कुकरचा.

परवा कार्तिकातली अष्टमी होती. सहाची भरती, पण भांगाची, पाणी चढायचा नुसता आळस करत होतं. मी साडेपाचला ऑफिस बंद केलं, या वेळी बँकेचं वगैरे काही सांगितलं नाही, मांडवीला चालले म्हणून सांगितलं. वर स्कूटर लावली आणि उतरताना पाहिलं तर जेटीच्या टोकाला तो बसलेला. कुरियरवाला. बॅग शेजारी उभी करून ठेवलेली, तिच्यावर हात, बूट काढून पाय खाली सोडलेले, मोज्यांचे गोळे बुटात कोंबलेले. पाठ शहराकडे. त्या पाठीत एवढा थकवा मी एरवी कधी बघितला नव्हता. दाराशी तो येतो तेव्हा कायम घाईत असतो आणि हसत असतो. माझं एक पार्सल दोन दिवस अडकलं होतं, लेकीलाच पुण्याला पाठवायचा स्वेटर मी चुकून घरच्या पत्त्यावर मागवला होता, त्याबद्दल त्याला विचारायचंच होतं. मी विचारलं नाही. त्याच्यापासून बरंच अंतर ठेवून, मधे एक अख्खं कुटुंब बसेल एवढं, मी भिंतीवर बसले. मिरकरवाड्याकडून बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता, फटफटफट, आणि सुकवलेल्या मासळीचा वास, या दिवसांत येतो तसा. सूर्य अर्धा गेला. भगवतीच्या किल्ल्याच्या बाजूला दीपगृहाचा दिवा लागला.

बऱ्याच वेळाने, मान न वळवता, पाण्याकडेच बघत तो म्हणाला, "ताई, तुमचा स्वेटर उद्या येतोय."

मी म्हटलं, "मी आलेय हे कसं कळलं?"

"सायलेन्सर," तो म्हणाला.

मग आम्ही दोघंही गप्प बसलो, पाणी उतरायला लागेपर्यंत.